फुटकळ गोष्टींची सांखळी

विद्वान आणि बहुश्रुत हे दोन शब्द आपण व्यवहारांत बहुधा एकाच अर्थानें वापरतों. परंतु त्यांत अंतर पुष्कळ आहे. विद्वानाची विद्या विहिरीप्रमाणें एका जागीं खोल गेलेली असते. बहुश्रुताचें ज्ञान पावसाळ्यांतल्या ओहळासारखें, जिकडे उतार दिसेल तिकडे धांवणारें. अशा मनुष्यास माशाला पापण्या नसतात हें ठाऊक असतें, साबुदाण्याचें झाड कोणतें हेंहि ठाऊक असतें. पण एकाच विषयावर त्याची परीक्षा घेऊं लागल्यास तिसऱ्या प्रश्नालाच तो चुळबुळूं लागतो. शाळामास्तर हा प्राणी प्रायः या दुसऱ्या वर्गांतला. मी मॅट्रिक होऊन शिक्षक झालों, संस्कृत तेवढें घरीं वडिलांपाशीं शिकलों, आणि ज्या वर्गाचा शिक्षक त्या दिवशीं आला नसेल त्या वर्गावर जाऊन जें आठवेल तें सांगत छत्तीस वर्षें काढलीं. तेव्हां फुटकळ माहितीविषयीं माझ्या लिहिण्यांत पक्षपात आढळल्यास वाचकांनीं तो जुन्या संवयीचा परिणाम समजावा.

शिष्ट मंडळी असल्या माहितीस नांवें ठेवितात. ती परीक्षेस उपयोगी नाहीं, पोटास उपयोगी नाहीं, आणि मोक्षास तर नाहींच नाहीं, असा त्यांचा आक्षेप. तो मला सर्वस्वीं खोडतां येत नाहीं. तथापि आमच्या घरांत गेलीं दोन वर्षें या निरुपयोगी वस्तूचा जो उपयोग होत आहे, तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आमचें कुटुंब एकत्र आहे. थोरले बंधू दादा, वहिनी, मी, माझी पत्नी, दादांचे चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें असे आम्ही आठजण एका चुलीवर जेवतों. रात्रीं जेवणें आटोपून मागची झांकपाक झाली कीं ओसरीवर एक खेळ मांडला जातो. अंताक्षरींत शेवटल्या अक्षरावरून पुढचें पद म्हणावयाचें. येथें शेवटल्या गोष्टीवरून पुढची गोष्ट सांगावयाची. दुवा शब्दाचा असो, माणसाचा असो, गांवाचा असो, कसलाहि चालतो. नियम दोनच. पहिला असा कीं ‘म्हणे’ हा शब्द वर्ज्य. ऐकीव गोष्ट सांखळींत घ्यावयाची नाहीं. दुसरा असा कीं कोणीं ‘कशावरून?’ असें विचारल्यास सांगणारानें उत्तर दिलें पाहिजे, आणि तें खिशांतल्या फोनमध्यें पाहून नव्हे. फोन दुसऱ्या दिवशीं सकाळीं उघडावा आणि रात्रींचा वाद मिटवावा. या नियमानें कित्येक सुरस गोष्टींचा बळी गेला आहे. चंद्रावरून चीनची भिंत दिसते ही गोष्ट नातवानें मोठ्या ऐटीनें आणली होती. ती दुसऱ्याच दिवशीं खोटी ठरली, कारण चंद्रावर जाऊन आलेल्यांनींच तसें कांहीं दिसत नसल्याचें सांगितलें आहे. सांबार या पदार्थास संभाजीराजांवरून नांव पडलें, ही तंजावरची कथा माझ्या पत्नीस फार प्रिय. पण ती आख्यायिका आहे, इतिहास नव्हे, म्हणून तीहि गळली. पत्नीनें तो राग आठ दिवस धरला.

खेळाचा आरंभ बहुतेक वेळां गांवाच्या नांवापासून होतो. आमचें आर्णी हें यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. नागपुराहून तुळजापुरास जाणारा हमरस्ता गांवावरून जातो, आणि बाबा कंबलपोष यांच्या उरुसास दरवर्षीं येथें दूरदूरची माणसें जमतात. गांवाच्या अंगानें अरुणावती वाहते. ती पैनगंगेस मिळते, पैनगंगा वर्धेस, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीस जाऊन मिळते. तात्पर्य, आमच्या आर्णीच्या नदीचें पाणी शेवटीं बंगालच्या उपसागरास पोंचतें. त्र्यंबकेश्वरास गोदावरींत स्नान करून आलेल्या यात्रेकरूनें मागें सोडलेल्या पाण्याची व आमच्या पाण्याची राजमहेंद्रीच्या वर कोठें तरी गांठ पडते, ही कल्पना वहिनींस फार आवडते.

‘आर्णी’ या नांवाची व्युत्पत्ति लावण्याचा हट्ट मी धरीत नाहीं. पण त्या ध्वनीच्या आसपास संस्कृतांत तीन शब्द उभे आहेत आणि त्यांपैकीं कोणत्याहि एकास धरून रात्र घालवितां येते. पहिला अरुण. हा सूर्याचा सारथी, विनतेचा पुत्र आणि गरुडाचा थोरला भाऊ. आईनें उतावीळपणानें अंडें वेळेपूर्वीं फोडलें म्हणून याच्या शरीराचा खालचा भाग अपुरा राहिला. त्यामुळें त्यास ‘अनूरु’, म्हणजे मांड्या नसलेला, असेंहि नांव आहे. अरुणावरून अरुणा, आणि अरुणा म्हटलें कीं यवतमाळास २०१९ सालीं झालेल्या ब्याण्णवाव्या मराठी साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षा अरुणा ढेरे. त्यापूर्वींचें यवतमाळचें संमेलन १९७३ सालचें; त्याचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर.

दुसरा शब्द अर्ण, म्हणजे पाणी, लाट. त्यावरूनच अर्णव, समुद्र. आमच्या जिल्ह्यांतील वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनीं लोकमान्यांचें चरित्र संस्कृत पद्यांत लिहिलें आणि ग्रंथास नांव दिलें ‘तिलकयशोऽर्णव’. बापूजी १९६८ सालीं २६ जानेवारीस वारले. या ग्रंथास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें तें १९७३ सालीं. बिहारचे राज्यपालपद भूषविलेल्या मनुष्यास सहस्रावधि संस्कृत श्लोक रचावयास सवड कोठून मिळाली असेल, हा प्रश्न माझी पत्नी दरवेळीं विचारते, व विचारतांना माझ्याकडे पाहते.

तिसरा शब्द अरणि. यज्ञासाठीं ज्या दोन लांकडांचें मंथन करून अग्नि पाडतात त्या लांकडांस अरणि म्हणतात. शमीवर उगवलेल्या पिंपळाचें लांकूड त्यास उत्तम मानिलें आहे. महाभारताच्या वनपर्वांत शेवटचें उपपर्व आहे त्याचें नांवच आरणेयपर्व. एका ब्राह्मणाची झाडाला टांगलेली अरणि एका हरणाच्या शिंगांत अडकली व तें ती घेऊन पळालें. पांडव त्याच्या पाठीं लागले, तहानेनें व्याकुळ झाले, आणि चौघे भाऊ यक्षाचें न ऐकतां सरोवराचें पाणी पिऊन निश्चेष्ट पडले. पुढें यक्षानें धर्मराजाला जे प्रश्न घातले ते वाचकांस ठाऊकच आहेत. पण एवढें ध्यानांत घ्यावें कीं त्यांतील कित्येक प्रश्न धर्माधर्माचे नव्हेत. अगदीं आमच्या ओसरीवरचे आहेत. झोपलें असतां डोळे कोण मिटत नाहीं? मासा. जन्मलें तरी हालत नाहीं तें काय? अंडें. हृदय कशाला नाहीं? दगडाला. स्वतःच्या वेगानेंच कोण वाढतें? नदी. चार भावांचे प्राण पणास लागलेले असतां धर्मराजास माशाच्या झोंपेविषयीं उत्तर द्यावें लागलें. आणि तो तें देऊं शकला! फुटकळ माहितीस हिणविणाऱ्यांनीं या प्रसंगाचा विचार करावा.

अरणीवरून आगकाडी येणें ओघानेंच आलें. घासून पेटणारी आगकाडी इंग्लंडांतील स्टॉक्टन गांवच्या जॉन वॉकर नांवाच्या औषधविक्यानें १८२७ सालीं विकावयास काढली आणि तिचें पेटंट मात्र घेतलें नाहीं. येथें नातीनें जो दुवा जोडला तो माझ्या मतें या दोन वर्षांतला सर्वोत्तम होय. ती म्हणाली, “वॉकर आपल्या जिल्ह्यांतसुद्धां होता, आजोबा, पण तो वाघ होता.” आणि तें अक्षरशः खरें आहे. टिपेश्वरच्या अभयारण्यांत जन्मलेला, गळ्यांत रेडिओ-पट्टा बांधलेला एक तरुण वाघ २०१९ सालीं तेथून निघाला आणि विदर्भ, तेलंगण, मराठवाडा असा फिरत फिरत बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत जाऊन पोंचला. त्याची एकंदर भ्रमंती सुमारें ३,००० किलोमीटरांची भरली, म्हणून त्यास ‘वॉकर’ म्हणूं लागले. शेतें, रस्ते, गांवें ओलांडून तो गेला, आणि बहुतेकांस त्याचा पत्ताहि लागला नाहीं.

पत्ता हा शब्द निघाला कीं पाळी दादांची. दादांची सारी हयात टपालखात्यांत गेली. १९७२ च्या १५ ऑगस्टास पिनकोड सुरू झाला तेव्हां ते नुकतेच नोकरीस लागले होते. त्या सहा आंकड्यांची योजना ज्यांनीं बसविली ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे महाराष्ट्रीय, आणि संस्कृतांत काव्यें-नाटकें लिहिणारे पंडित, ही गोष्ट दादांनीं मला त्याच वेळीं सांगितली होती. टपालाचा मनुष्य संस्कृतज्ञ असूं शकतो हें आमच्या वडिलांस पटविण्यासाठीं ते ती पुनः पुनः सांगत. पहिला आंकडा प्रदेशाचा, दुसरा उपप्रदेशाचा, तिसरा ज्या जिल्ह्यांत टपालाची वांटणी होते त्याचा, व शेवटचे तीन त्या त्या टपालकचेरीचे. नऊ हा आंकडा सैन्याकरितां राखलेला. आमची आर्णी चारांत पडते, आणि दुसरी आरणी सहांत.

कारण दुसरीहि एक आरणी आहे! ती तामिळनाडूंत, रेशमी लुगड्यांकरितां प्रसिद्ध. आमच्या एका नातलगानें पिनकोडापूर्वींच्या काळीं लग्नाची कुंकुमपत्रिका पाठवितांना जिल्हा लिहिला नाहीं; ती पत्रिका मद्रासकडे फिरून, लग्न लागून गेल्यावर महिन्यानें आमच्या हातीं आली, तिच्यावर तेथला शिक्का होता. दादांनीं तो शिक्का कापून जपून ठेविला आहे. त्या दूरच्या आरणीची जहागीर सतराव्या शतकापासून एका मराठी देशस्थ ब्राह्मण घराण्याकडे होती. आणि १७५१ सालीं त्या आरणीजवळ क्लाइव्हनें चंदासाहेबाच्या मुलाचा पराभव केला त्या लढाईंत मराठ्यांचे घोडेस्वार क्लाइव्हच्या बाजूला होते. ज्याच्या जातभाईंनीं पुढें आपलें राज्य घेतलें त्यास आपलेच स्वार साह्य करीत होते, ही गोष्ट शाळेंत शिकवितांना मला नेहमीं जड जाई.

तामिळनाडूपर्यंत गेल्यावर सेलम लांब नाहीं, आणि सेलम म्हटलें कीं साबुदाणा. येथें आमच्या घरांत खरें रण माजलें. सूनबाई वनस्पतिशास्त्राच्या पदवीधर. आषाढी एकादशीच्या रात्रीं, सर्वांच्या पोटांत साबुदाण्याची उसळ असतांना, त्यांनीं सांगितलें कीं मूळचा साबुदाणा मलायाकडल्या एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्याचा. दुसऱ्या महायुद्धांत तिकडून माल येणें बंद झालें तेव्हां, १९४३ च्या सुमारास, सेलमकडे टॅपिओकाच्या कंदापासून तो करूं लागले. आणि टॅपिओका हा कंद दक्षिण अमेरिकेंतला. एवढ्यावर थांबत्या तरी ठीक होतें. परंतु त्या पुढें म्हणाल्या कीं शेंगदाणा अमेरिकेचा, बटाटा अमेरिकेचा, रताळें अमेरिकेचें, राजगिरा अमेरिकेचा, हिरवी मिरचीसुद्धां अमेरिकेची. हे सर्व जिन्नस कोलंबसानंतर, बहुतांशीं पोर्तुगीजांच्या गलबतांतून, हिंदुस्थानांत उतरले. फराळानंतर खाल्लेली पपई व चिकू, तींहि तिकडलींच. वहिनींनीं शेवटचा आधार म्हणून सीताफळाचें नांव घेतलें. “तेंसुद्धां,” सूनबाई हळूच म्हणाल्या, “आणि रामफळही.”

वहिनी क्षणभर स्तब्ध राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे आमच्या सासूबाईंनीं जन्मभर परदेशी उपवास केले कीं काय?”

मी मध्यें पडून भगर आणि शिंगाडा यांची ग्वाही दिली. भगर हें आपल्याकडलें प्राचीन धान्य आहे, शिंगाडाहि परका नव्हे, केळें तर नव्हेच. आणि मिरची येण्यापूर्वीं तिखटपणाचें काम मिरें व आलें करीत होतीं. शास्त्रकारांनीं उपवासास धान्य वर्ज्य केलें. जी वस्तु त्यांच्या काळीं देशांतच नव्हती ती वर्ज्य कशी करणार? म्हणून नवीन आलेला प्रत्येक कंद बिनहरकत फराळाच्या ताटांत शिरला, अशी माझी उपपत्ति आहे. वहिनींस ती मानवली नाहीं. पुढच्या एकादशीस त्यांनीं निव्वळ भगर, शिंगाड्याचा शिरा आणि मिरपूड घातलेलें ताक एवढाच फराळ केला. त्यानंतरच्या एकादशीस मात्र उसळ पुनः झाली, शेंगदाण्याच्या कुटासह, आणि तिच्याविषयीं कोणीं अवाक्षर काढलें नाहीं.

आतां हा खेळ कां सुरू झाला तें सांगतों. दोन वर्षांपूर्वीं दादांस विस्मरण होऊं लागलें. प्रथम चष्मा, मग किल्ल्या, मग जेवण झालें कीं नाहीं याचें. एकदां दुपारीं ते टपालकचेरींत जाऊन आपल्या जुन्या मेजाशीं उभे राहिले आणि त्यांना हातास धरून घरीं आणावें लागलें. यवतमाळच्या डॉक्टरांनीं स्मृतिभ्रंशाचें निदान केलें. हा विकार बरा होण्यासारखा नाहीं, या रोगांत नव्या आठवणी आधीं जातात व जुन्या मागाहून, म्हणून त्यांना बोलतें ठेवा, एवढेंच त्यांनीं सांगितलें. घरांत माणसें आठ, पण ज्याला कालचें आठवत नाहीं त्याच्याशीं रोज बोलावयाचें तरी काय? कशी प्रकृति आहे, झोप लागली का, औषध घेतलें का. चार वाक्यांत संपतें. गोष्टींची सांखळी ही सूनबाईंची युक्ति. दादांस कालची गोष्ट आठवण्याची जरूर नाहीं. आतां कानावर पडलेल्या शब्दास त्यांच्या जवळच्या जुन्या सांठ्यांतून एक जोड काढावयाची. आणि ती ते काढतात. कधीं पांच मिनिटें लागतात. तोंवर कोणीं बोलावयाचें नाहीं, हा नियम नातवंडांनीं आपण होऊन केला.

एका रात्रीं गाडी रेल्वेवर आली. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अडीच फुटी रुंदीची लहान आगगाडी वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठीं विलायती कंपनीनें घातली. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशीं पडल्या, आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. १८६५ त युद्ध संपतांच भाव कोसळले आणि मुंबईंत पेढ्या बुडाल्या. परक्या देशांतल्या घडामोडीनें आपल्या शेतकऱ्याचा भाव ठरावा, हें दुःख आमच्या जिल्ह्यास आजहि जुनें झालेलें नाहीं. तर या गाडीचें वाफेचें इंजिन १९२१ सालीं त्याच मँचेस्टरांत तयार झालें. १९२३ पासून १९९४ पर्यंत त्यानें गाडी ओढली. गाडी आतां धांवत नाहीं. लोकांनीं तिचें नांव ठेविलें होतें शकुंतला.

शकुंतलेवरून मी कालिदासावर आलों. सर विल्यम जोन्स यांनीं १७८९ सालीं कलकत्त्यास शाकुंतलाचें इंग्रजी भाषांतर छापलें, त्यावरून फोर्स्टरनें १७९१ त जर्मन केलें, आणि तें वाचून गटे वेडावला. त्याच्या ‘फाउस्ट’च्या आरंभींचा नाट्यगृहांतील प्रवेश आपल्या सूत्रधाराच्या प्रस्तावनेवरून सुचला, असें पंडित मानतात. मग नाट्याचें कथानक नातवंडांसाठीं थोडक्यांत सांगूं लागलों. दुर्वासाचा शाप, राजास पडलेला विसर, पाण्यांत पडलेली अंगठी, ती गिळणारा मासा. अर्ध्यावर आलों आणि माझ्या ध्यानांत आलें कीं मी कोणासमोर काय सांगत आहें. त्या आठवड्यांत दादांनीं मला दोनदां “आपण कोणाकडले?” असें विचारलें होतें. वहिनींनीं मान खालीं घातली. मी थांबलों तर थांबण्याचाच अर्थ होणार. म्हणून तसाच पुढें म्हटलें कीं या नाटकाच्या नांवांतला ‘अभिज्ञान’ हा शब्द ज्ञा धातूस अभि हा उपसर्ग लागून झाला, अभिज्ञान म्हणजे ओळखीची खूण.

दादा नातवाकडे वळून हसले. “हा आमचा धाकटा,” ते म्हणाले, “जेवतांना पोळीची सुद्धां व्युत्पत्ति विचारी. आई पोळपाट उगारीत असे.”

त्या रात्रीं खेळ तेथेंच थांबला. पण तेव्हांपासून मी रोज एक तरी धातु किंवा उपसर्ग सांखळींत घालतोंच, आणि नातवंडें कुरकुरलीं तरी घालतों. कधीं दादा ओळखतात, कधीं नाहीं. गेल्या महिन्यांत नऊ वेळां ओळखलें; वहिनी पंचांगाच्या पानावर खूण करून ठेवितात.

दुसऱ्या रात्रीं पुढचा दुवा दादांच्या चिरंजिवांनीं जोडला. शाकुंतल मराठींत संगीत रूपानें पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं रंगभूमीवर आलें. कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर, राहणार बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर. त्याच गुर्लहोसुरास १८६९ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले, ज्यांनीं पुढें लोखंडी नांगर काढला. लोखंडानें जमीन विषारी होईल या समजुतीनें शेतकरी प्रथम तो नांगर घेईनात. नांगरावरून वहिनी सीतेवर गेल्या, कारण सीता म्हणजे नांगराचें तास. आणि सीतेवरून नातीनें, आजीकडे चोरून पाहत, सीताफळ आणलें. वहिनींनीं तें चालवून घेतलें. आज रात्रीं पाळी दादांची आहे, आणि सीताफळ ही वस्तु टपालखात्याशीं कशी जोडली जाते तें पाहावयास आम्ही सातहिजण उत्सुक आहों.